कुत्री जर्मनीला पाठवते म्हणणाऱ्या मॅडमपासून सावध राहा

१,४९,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण "किती गेले?" हे विचारल्याशिवाय कुणी पुढचं ऐकतच नाही. त्यातले निम्म्याहून जास्त देणगीदारांचे. त्यांना तोंड कसं दाखवायचं ते माझं मला माहीत.

धायरीत पत्र्याच्या शेडमध्ये आमचं छोटं शेल्टर आहे. गुलाबो तीन पायांची, बंड्या एका डोळ्याने आंधळा. पुण्यात यांना कोण नेणार? कोथरूड-बाणेरहून फोन येतात ते "लॅब्रेडॉरचं पिल्लू आहे का?" म्हणून. त्यात जागामालकाने शेड रिकामी करा म्हणून तगादा लावलेला. अशात परदेशी घरं मिळवून देणारी 'कोऑर्डिनेटर' व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर तुम्ही काय हाकलून दिली असती?

आधी ती कॅनडा म्हणाली. मी म्हटलं, २८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांतली दत्तकाची कुत्री घेणं बंद केलंय, त्या यादीत भारत आहे. तासाभरात बाईने जर्मनीचं जोडपं हजर केलं! व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवलं, सोफा दाखवला. मला वाटलं, बाई नियम पाळणारी दिसते.

मग सुरू झालं. कातडीखाली बसवायची ओळखीची चिप आणि रेबीजची लस लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी ३५,००० (दोघांची). क्रेट, म्हणजे विमानातून न्यायचे पिंजरे, १४,०००. कार्गो बुकिंग ७६,०००. शेवटी 'परत मिळणारं' क्वारंटाईन डिपॉझिट २४,५००. क्रेट खरंच आले, म्हणून तर विश्वास बसला. प्लायवूडचे, आत एक खिळा टोक वर करून बसलेला, आणि गुलाबो आत उभी राहिली की डोकं छताला टेकायचं. प्राण्याला नीट उभं राहून वळता आलं नाही तर विमान कंपनी तो क्रेट घेतच नाही.

आणि ती तारीख! रक्त घेतलं १२ फेब्रुवारीला, तिकीट ९ मार्चचं. भारतातून युरोपात न्यायचं तर रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं, म्हणजे १२ मे उजाडायलाच हवा. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी पडलेले. एकावर चहाचा डाग आहे, म्हणजे मी ते हातात घेऊन बसले होते. वर रक्ताच्या रिपोर्टमध्ये दोघांचा आकडा दशांशापर्यंत सारखा, आणि चिपचा नंबर चौदा आकडी! पंधरा असतात, मोजून घ्या. चिप आधी, रेबीजची लस नंतर. उलट झालं तर ती लस धरत नाहीत. आमची लस डिसेंबरमधली, चिप फेब्रुवारीत. पण रोज चाळीस कुत्र्यांचं जेवण, औषधं, पार्व्होने आजारी पिल्लं सांभाळणाऱ्या बाईने कॅलेंडर घेऊन बसायचं कधी?

९ मार्चला टेम्पो आलाच नाही. फोन बंद.

चौकीत गेले तर साहेब म्हणतात, "कुत्री तुमच्याकडेच आहेत ना मॅडम? मग गेलं काय?" शेजारचा हवालदार हसला. सायबरकडे जा म्हणाले. तिथे म्हणतात, आधी चौकीचा अर्ज आणा. चौकीत म्हणतात, हा व्यवहाराचा वाद आहे, वकील करा. बँकेत म्हणे "पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?" ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्या तरी बँकेनेच उघडलं ना? त्याचे कागद कोणी तपासले? यावर सगळे गप्प. एकाने तर वर सल्ला दिला, भटक्या कुत्र्यांवर एवढा खर्च करू नका. माझ्या तक्रारीची पोच मागितली तर झेरॉक्स मशीन बंद!

निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशु क्वारंटाईन कार्यालय देतं, आपल्याला मुंबईचं. कुणी घरबसल्या पीडीएफ पाठवली तर सरळ ब्लॉक करा. कार्गो बुकिंगचा नंबर विमान कंपनीला स्वतः फोन करून विचारा. आणि 'डिपॉझिट' शब्द आला की पाकीट बंद.

परवा नाशिकच्या एका ओळखीच्या ताईंनी स्क्रीनशॉट पाठवला. डीपी तोच, नाव वेगळं, देश आता नेदरलँड्स, डिपॉझिट मात्र २४,५००च. त्यांनी भरलेले नाहीत. तुम्ही भरले असतील तर हे वाचत बसू नका, आत्ता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की हाती काही लागत नाही.