दोन भागांची स्टोमा पिशवी : सात महिन्यांच्या वापरानंतरचे मत

मलाशयाच्या कर्करोगासाठी आधी २५ किरणोपचार, मग शस्त्रक्रिया आणि तात्पुरती इलिओस्टोमी असा माझा क्रम होता. लहान आतड्याचे तोंड, म्हणजे स्टोमा, पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढल्यापासून ते पुन्हा आत जोडले जाईपर्यंत सात महिने मी ५७ मिलिमीटर फ्लँजची, तळाशी उघडणारी, दोन भागांची पिशवी वापरली: एक भाग त्वचेला चिकटणारी चकती, दुसरा तिच्यावरच्या कड्याला, म्हणजे फ्लँजला, अडकणारी पिशवी.

पिशवीचे सारे यश त्वचेला चिकटणाऱ्या चकतीवर अवलंबून असते. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो आणि त्यातील पाचक रस कातडी भाजून काढतात. म्हणून चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठे कापायचे असते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, हे लक्षात न घेता मी रुग्णालयातून मिळालेल्या मापानेच कापत राहिलो आणि भोवतालची कातडी सोलवटली. तो दोष माझा, चकतीचा नव्हे. दर आठवड्याला माप घेऊन, चकती तळहातांत धरून थोडी ऊबदार करून लावू लागल्यावर ती चार दिवस टिकू लागली. मे महिन्यात मात्र घामामुळे तिसऱ्याच दिवशी कडा सुटत.

दोन भाग असल्याने चकती न काढता नुसती पिशवी बदलता येते, हा मोठा फायदा. एक तृतीयांश भरताच ती रिकामी केली, तर ओझे जाणवत नाही. सैल सदऱ्याखाली ती कोणाच्या ध्यानातही आली नाही. वायू बाहेर सोडणारी गाळणी मात्र पातळ मलाने ओली होऊन निकामी होते, आणि पहाटे तीनला फुग्यासारखी फुगलेली पिशवी घेऊन उठावे लागते. या किमतीच्या वस्तूत हे खटकते.

पिशवी गेली की सुटलो, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात मल साठवणारा मलाशयच उरला नसल्याने सुरुवातीचे महिने दिवसातून आठ-दहा वेळा, तेही लागोपाठ, आणि क्षणभरही न थांबता शौचास धावावे लागे. मलाशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचा शौचाचा त्रास मोजणाऱ्या, डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या ‘लार्स’ या पाच प्रश्नांच्या गुणपद्धतीत ४२ पैकी ३० किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र त्रास. माझे ३५ भरले. पिशवीसह मी लग्नाला निर्धास्त जाऊन आलो होतो, पिशवीविना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाण्याचे धाडस होईना. म्हणूनच, गाळणीची तक्रार कायम ठेवून, या पिशवीला मी पाचपैकी चार गुण देतो.

खरेदी करताना फ्लँज आणि पिशवी यांची मापे खोक्यावर स्वतः ताडून पाहावीत. एका दुकानदाराने मला ५७ च्या फ्लँजसोबत ४५ ची पिशवी दिली होती. ती बसत नाही, आणि उघडलेले खोके तो परत घेत नाही.