फुगलेले व्हील नट काढून अखंड स्टीलचे टाकले, चार महिन्यांचा अनुभव

आधी हे घ्यायची वेळ का आली ते सांगतो. रात्रीची वेळ, पाऊस चालू, चाक पंक्चर. स्टेपनी बाहेर काढली, जॅक लावायच्या आधी नट ढिले करून घेऊ म्हणून गाडीबरोबर आलेला 19 चा पाना लावला तर तो नटावर बसेचना. मला वाटलं माती अडकली असेल, पुसून बघितलं, तरी नाही. मग 19 चा सॉकेट हातोडीने ठोकून बसवला, जोर लावला आणि नटाची चकचकीत टोपीच सुटून सॉकेटमध्ये अडकून बसली, आत उरला गंजलेला बारका नट. त्या रात्री गाडी तिथेच सोडून घरी आलो.

नंतर कळलं की कंपनीकडून आलेले बरेचसे नट दोन तुकड्यांचे असतात. आत साधा लोखंडी नट आणि वरून दिसायला छान म्हणून पातळ चकचकीत पत्र्याची टोपी दाबून बसवलेली. त्या फटीत पाणी शिरतं, आतला नट गंजतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, मग टोपी फुगते. त्यात इम्पॅक्ट गनचे, म्हणजे गॅरेजमधल्या नट फिरवायच्या मशीनचे, दणके बसून कडाही गोल होतात. 19 चा नट साडेएकोणीस झाला की 19 चा पाना बसत नाही आणि 20 चा गरागरा फिरतो. गॅरेजवाल्याकडे बरेच सॉकेट असतात, तो कसंतरी काढतो आणि आपल्याला काहीच बोलत नाही, म्हणून पत्ता लागत नाही.

तर आता घेतलेल्या सेटबद्दल. 20 नटांचा सेट, एकाच तुकड्यातून केलेले, वर क्रोम, तोंड बंद. हातात घेतले की वजनातच फरक कळतो. चार महिने झाले, त्यात अख्खा पावसाळा गेला, पाना अजून टक् करून बसतो. क्रोमवर दोन नटांना ओरखडे पडलेत, पण ते माझ्याच सॉकेटचे, आणि क्रोम गेलं तरी सोलून फुगणारं आत काही नाहीच.

तक्रार एकच, पॅकेटवर फक्त 12 एमएम लिहिलंय, आट्यांचं माप नाही! एम12 मध्ये, म्हणजे 12 एमएमच्या आट्यांत, दोन आट्यांमधलं अंतर 1.5 एमएम पण येतं आणि 1.25 पण, चुकीचा नट दोनेक फेरे आरामात जातो आणि मग जाम होतो, तिथे तुम्ही पान्याने जोर लावला की स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या दांड्याचे, आटे गेलेच समजा. माझे 1.5 निघाले, नशीब. बसायची बाजू पण बघून घ्या, माझ्या रिमला 60 अंशाचा उतार लागतो, होंडाच्या बऱ्याच गाड्यांना गोलाकार लागतो, आणि काही अलॉयना वॉशरवाला सपाट. उताराचा नट गोलाकार खड्ड्यात घट्ट झाल्यासारखा वाटतो पण टेकलेला असतो एका बारीक कडेवर, तो पुढे ढिला होणार. आणि हो, ज्यांच्या गाडीला नट नाही बोल्ट असतात, फोक्सवॅगन वगैरे, त्यांच्या कामाचं हे नाही.

अजून एक, तोंड बंद असल्यामुळे स्टड लांब असेल तर तो आत टेकतो, टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की क्लिक करणारा पाना) क्लिक करतो आणि चाक मात्र हलतंय. मी रिम न लावता नट हाताने स्टडवर फिरवून फेरे मोजले, जुन्यापेक्षा दोन जास्त गेला. 12 च्या स्टडवर 1.5 चे आटे म्हणजे रिम लावून निदान आठ फेरे तरी बसायला हवेत.

बसवताना सगळे नट आधी हाताने फिरवून घेतले, मग चांदणीसारखे समोरासमोर, शेवटी टॉर्क रेंचने 108 न्यूटन मीटर. हा आकडा माझ्या गाडीच्या पुस्तकातला आहे, तुमचा तुम्ही बघा. आट्यांना ग्रीस लावलं नाही, लावलं की त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो. 80 किमी चालवून परत तपासलं तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले, बाकी जागेवर.

पाचपैकी चार, एक पॅकेटवरच्या अर्धवट मापासाठी कापला. आणि त्या रात्रीचा सॉकेट अजून तसाच पडलाय, टोपी आत अडकलेली, मागून पंच घालून ठोकून बघितलं तरी निघत नाही, कोणी काढली असेल तर सांगा.