‘न्यूयॉर्कची चॅनेल्स लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

नोकरीसाठी न्यू जर्सी सोडून टेक्सास किंवा ॲरिझोनाला गेलेल्या कुटुंबाला जुन्या घरची चॅनेल्स हवीशी वाटतात, यात नवल नाही. सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स ही चार मोठी टीव्ही नेटवर्कं नव्या गावातही आहेत, पण ती त्या गावच्या स्टेशनांची. बातम्या तिथल्या, हवामान तिथलं, आणि रविवारी दुपारी फुटबॉलचा सामनाही बहुतेक तिथल्या संघाचा. मग कुणीतरी एक नंबर देतं: हा माणूस डिशवर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसची चॅनेल्स चालू करून देतो, एकदाच पैसे द्यायचे. त्याचं बोलणं व्यवस्थित असतं, तो कायद्याचा हवाला देतो, फॉर्म पाठवतो, आणि बऱ्याचदा सुरुवातीचे काही आठवडे चॅनेल्स खरोखर दिसतात. म्हणून चांगली शिकलेली, हिशेबी माणसंही यात अडकतात.

हा सगळा धंदा कायद्याच्या जुन्या आवृत्तीवर उभा आहे. १९८८ च्या सॅटेलाइट होम व्ह्यूअर ॲक्टने एक मुभा दिली होती. छतावरच्या साध्या अँटेनावर एखाद्या नेटवर्कचा पुरेसा सिग्नल मिळत नसेल, तर त्या घराला दुसऱ्या शहरातलं त्याच नेटवर्कचं स्टेशन उपग्रहावरून दाखवता येत असे. १९९९ च्या दुरुस्तीनंतर स्थानिक स्टेशनकडून सवलतपत्र, म्हणजे या घराला दूरचं स्टेशन दाखवायला हरकत नाही असं पत्र, मिळवण्याची रीत पक्की झाली. डिश कंपनीमार्फत अर्ज करायचा, स्टेशनने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, आणि उत्तर आलं नाही तर सवलत मिळाली असं धरायचं. विक्रेता तुम्हाला हेच वाचून दाखवतो. त्याने दाखवलेला मजकूर खोटा नसतो, तो फक्त कालबाह्य असतो.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने ही मुभा कायम केली, पण फार अरुंद करून. ३१ मे २०२० नंतर तिच्यात दोनच प्रकारचे ग्राहक बसतात. एक, आरव्ही म्हणजे फिरती घरगाडी किंवा व्यावसायिक ट्रक. दुसरं, ज्या टीव्ही बाजारपेठेत (एका शहराच्या स्टेशनांसाठी ठरवलेल्या भागात) एखाद्या नेटवर्कचं स्टेशनच नाही तिथलं घर, आणि त्यालाही फक्त त्या नसलेल्या नेटवर्कपुरतंच. शिवाय या मुभेचा लाभ घेणाऱ्या कंपनीने देशातल्या सर्व २१० बाजारपेठांत स्थानिक चॅनेल्स दिली पाहिजेत. डॅलस, ह्यूस्टन किंवा फिनिक्समधल्या साध्या घराला ‘सवलतपत्र’ काढून देतो म्हणणारा माणूस जी गोष्ट विकतोय, ती आज अस्तित्वातच नाही. हे एवढं कळलं तरी निम्मी फसवणूक टळते.

सध्या सर्वांत जास्त धोक्याचा प्रकार आरव्हीचा आहे. विक्रेता सांगतो, “तुमचं खातं आरव्ही म्हणून उघडू, सगळेच करतात.” त्यासाठी कंपनीला काय द्यावं लागतं ते पाहा. गाडीच्या चालू नोंदणीची प्रत, आणि सही केलेलं प्रतिज्ञापन. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की डिश गाडीवर कायमची बसवलेली आहे आणि कुठल्याही स्थिर घरात कार्यक्रम पाहण्यासाठी वापरली जाणार नाही. ट्रक असेल तर ट्रकची नोंदणी आणि चालकाचा व्यावसायिक परवाना. जमिनीवर पक्कं टेकवलेलं मोबाइल होमसुद्धा यात चालत नाही. तुमच्याकडे आरव्ही नाही, म्हणजे नोंदणी दुसऱ्या कुणाच्या गाडीची लावलेली असते किंवा कागद बनावट असतो. सही मात्र तुमची असते. फोनवर “इथे फक्त टॅप करा” म्हणत पाठवलेला फॉर्म हाच असतो. पैसे विक्रेत्याच्या खिशात जातात आणि खोटं प्रतिज्ञापन तुमच्या नावावर राहतं.

अशी चॅनेल्स आधी दिसतात आणि मग जातात, त्याचं कारणही कायद्यातच आहे. दूरची चॅनेल्स घेणाऱ्या ग्राहकांची नावं-पत्त्यांची यादी कंपनीला त्या त्या नेटवर्ककडे द्यावी लागते. पहिली यादी सेवा सुरू झाल्यापासून ९० दिवसांत, आणि पुढे दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नव्या-जुन्या नावांची. यादीतला पत्ता शहरातल्या बंगल्याचा निघाला की प्रश्न येतो. अपात्र ग्राहकाला चॅनेल दाखवल्याबद्दल कंपनीवर दर ग्राहकामागे दरमहा २५० डॉलरपर्यंत भरपाई बसू शकते. २०१० आधी ही मर्यादा ५ डॉलर होती. त्यामुळे शंका आली की कंपनी वाद घालत बसत नाही, चॅनेल्स बंद करते. कंपन्यांना हा धडा महागात मिळालेला आहे. १९९८ साली मायामीच्या फेडरल कोर्टाने प्राइमटाइम २४ या उपग्रहावरून नेटवर्क चॅनेल्स विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम काढला. अपात्र घरांना सेवा दिल्याच्या खटल्यात डिश नेटवर्क ही मोठी डिश कंपनीही हरली आणि १ डिसेंबर २००६ पासून तिला देशभरातल्या ग्राहकांची दूरची नेटवर्क चॅनेल्स बंद करावी लागली. तिला ती मुभा परत मिळायला २०१० चा नवा कायदा यावा लागला.

दुसरा प्रकार खोट्या पत्त्याचा. विक्रेता म्हणतो, “तुमचा सर्व्हिस ॲड्रेस न्यूयॉर्कचा दाखवू, मग तिथली स्थानिक चॅनेल्स आपोआप येतील.” हे चालत नाही, आणि का चालत नाही ते समजलं तर पुढचे पैसे वाचतात. ईएसपीएनसारखी देशभराची चॅनेल्स अख्ख्या अमेरिकेवर पसरलेल्या बीमवर असतात. स्थानिक चॅनेल्स मात्र स्पॉट बीमवर असतात. हा अरुंद झोत काही शे मैलांचाच भाग व्यापतो. न्यूयॉर्कचा झोत टेक्सासपर्यंत पोचतच नाही. खात्यावर परवानगी असली तरी छतावरच्या डिशवर पडायला सिग्नल नसतो.

डायरेक्टीव्ही या दुसऱ्या मोठ्या डिश कंपनीच्या बॉक्सवर हे डोळ्यांनी पाहता येतं. ७२१ हा एरर आला तर अर्थ असा की ते चॅनेल तुमच्या खात्यावर घेतलेलंच नाही. ७७१ आला तर बॉक्स सिग्नल शोधतोय. बाकी सगळी चॅनेल्स स्वच्छ आणि फक्त न्यूयॉर्कच्या चॅनेल्सवर ७७१, म्हणजे डिश नीट आहे, तुम्ही झोताच्या बाहेर आहात. खात्री करायची तर सेटिंग्जमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ उघडा आणि उपग्रह बदलून पाहा. ‘सी’ खुणेचे आकडे देशव्यापी बीमचे, ‘एस’ खुणेचे स्पॉट बीमचे. पहिले चांगले, दुसऱ्यांतले बरेच शून्य, हे चित्र अगदी नॉर्मल आहे, कारण दुसऱ्या शहरांचे झोत तुमच्यावर पडतच नाहीत. नेमकी हीच शून्यं दाखवून विक्रेता म्हणतो की डिश हलली आहे, एलएनबी (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) खराब आहे, माणूस पाठवतो, आधी भेटीचे पैसे भरा. त्या भेटीने काहीही सुधारत नाही. डिश तसूभर फिरवली तर असलेला सिग्नल मात्र बिघडतो.

पत्त्याच्या या खेळात खातं बऱ्याचदा विक्रेत्याच्याच ईमेलवर असतं आणि पासवर्डही त्याच्याकडे. बिल तुमच्या कार्डावर, मालकी त्याची. कंपनीला फोन केला की सुरक्षा पिन मागतात आणि तुमच्याकडे तो नसतो. खातं बंद पडलं की लीजवरचा बॉक्स परत मागितला जातो. चोवीस महिन्यांचा करार मधेच तुटला तर उरलेल्या महिन्यामागे साधारण २० डॉलर लागतात. १४ महिने उरले असतील तर २८० डॉलर, आणि ते तुमच्या कार्डावरून.

वापरलेला बॉक्स “आधीच ॲक्टिव्हेट केलेला” म्हणून विकणारे वेगळे. डिश नेटवर्कच्या बॉक्सवर सिस्टम इन्फोच्या पानावर ‘आर’ ने सुरू होणारा रिसीव्हर नंबर आणि ‘एस’ ने सुरू होणारा स्मार्ट कार्ड नंबर दिसतो. विक्रेत्याकडून हे दोन्ही आधी मागून घ्या आणि कंपनीच्या अधिकृत नंबरवर विचारा: हा बॉक्स लीजवरचा आहे का, त्यावर थकबाकी आहे का, माझ्या नावावर चालू होईल का? बॉक्स कंपनीच्या मालकीचा निघाला तर तो विकायचा अधिकार विकणाऱ्याला नव्हताच. “सगळी चॅनेल्स आयुष्यभर” असं सांगून फेरफार केलेलं कार्ड विकणाऱ्यांबद्दल इतकंच सांगतो की २१ जानेवारी २००१ ला डायरेक्टीव्हीने एका रात्रीत उपग्रहावरून संदेश पाठवून अशी कार्डं निकामी केली होती, आणि नंतर विकत घेणाऱ्या सामान्य माणसांवरही दावे लावले होते.

मग सरळ मार्गाने काय मिळतं? तुमच्या गावची चारही नेटवर्कं बहुतेक ठिकाणी छतावरच्या अँटेनावर फुकट येतात. आधी एफसीसी या अमेरिकी प्रसारण नियामक संस्थेच्या नकाशावर किंवा रॅबिटइअर्सच्या संकेतस्थळावर आपला पत्ता टाका आणि प्रत्येक स्टेशनची दिशा, अंतर आणि प्रत्यक्ष प्रसारणाचा चॅनेल नंबर पाहा. स्क्रीनवरचा नंबर आणि हा खरा नंबर बऱ्याचदा वेगळे असतात. स्टेशन खरोखर ७ ते १३ मध्ये असेल तर ते व्हीएचएफ आहे आणि काचेला चिकटवायच्या पातळ अँटेना तिथे कच्च्या पडतात. १४ ते ३६ म्हणजे यूएचएफ, त्याला त्या चालू शकतात. टॉवर दूर असेल तर छतावरची अँटेना, आरजी-६ केबल आणि प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं यंत्र) अँटेनाजवळ, टीव्हीजवळ नाही. प्रत्येक दुहेरी स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल जातात, म्हणून विनाकारण फाटे फोडू नका. खांब आणि केबल घराच्या अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने जोडा, १० गेजपेक्षा बारीक नको. घरमालक संघटना नको म्हणाली तर १९९६ पासूनचा एफसीसीचा नियम तुमच्या बाजूने आहे: स्वतःच्या ताब्यातल्या जागेत टीव्हीची अँटेना किंवा एक मीटरपर्यंतची डिश लावायला संघटना बंदी घालू शकत नाही.

न्यूयॉर्कच्या बातम्या हव्या असतील तर तिथल्या बऱ्याच स्टेशनांची बातमीपत्रं त्यांच्याच ॲपवर फुकट दिसतात. रविवारचे बाहेरगावचे एनएफएल (अमेरिकी फुटबॉल लीग) सामने हवे असतील तर त्यासाठी संडे तिकीट हे सशुल्क पॅकेज आहे. २०२३ च्या मोसमापासून ते डायरेक्टीव्हीकडे नाही, यूट्यूबकडे आहे. त्यामुळे “डायरेक्टीव्हीवर संडे तिकीट स्वस्तात देतो” असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. घर काउंटीच्या सीमेवर असेल तर कंपनीला ‘सिग्निफिकंटली व्ह्यूड’ स्टेशनांबद्दल विचारा. काही काउंट्यांत शेजारच्या बाजारपेठेचं स्टेशन देण्याची परवानगी असते आणि त्यासाठी मधल्या माणसाची गरज नसते.

पैसे आधीच गेले असतील तर क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी बिलावर छापलेल्या नंबरवर कंपनीला फोन करा आणि खातं कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्यावर आहे आणि आरव्ही म्हणून नोंदलेलं आहे का, हे विचारून घ्या. आरव्हीची नोंद असेल तर ती आपण केलेली नाही, किंवा न समजता केली, हे लेखी कळवा आणि संदर्भ क्रमांक घ्या. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा आली ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी तक्रार पोचली पाहिजे. फोनवर सांगितलेलं पुरत नाही. झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) किंवा गिफ्ट कार्डाचा नंबर वाचून दाखवून दिलेले पैसे परत मिळणं फार कठीण. तरी गिफ्ट कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच कळवा, कारण शिल्लक वापरलेली नसेल तर ती कधीकधी गोठवता येते. तक्रार एफटीसी या केंद्रीय ग्राहक संरक्षण संस्थेच्या रिपोर्ट फ्रॉडच्या पानावर आणि आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे करा. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट आणि पाठवलेला फॉर्म जोडा. बॉक्स परत करताना त्यावरचे नंबर दिसतील असा फोटो काढा आणि पार्सलची पावती जपून ठेवा. “बॉक्स मिळालाच नाही” म्हणून नंतर बिल आलं, तर दाखवायला तेवढाच कागद हातात असतो.