जुन्या पेनीची किंमत आणि पीसीजीएस कॉइनफॅक्ट्स: प्रत बघा, दर जपून वाचा

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत 12 नोव्हेंबर 2025 ला चलनासाठीची शेवटची पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, पाडली गेली. घरातल्या बरणीतल्या जुन्या पेनीचे किती येतील, ही विचारणा त्यामुळे वाढणारच. त्यावर बहुतेक जाणकार पहिलं नाव घेतात ते कॉइनफॅक्ट्सचं. नाणं किती झिजलंय ते तपासून त्याची प्रत (ग्रेड) ठरवणाऱ्या पीसीजीएस कंपनीची ही वेबसाइट आणि ॲप, दोन्ही फुकट आहेत. लिंकनची पेनी, त्यातही 1909 ते 1958 मधली, मागे गव्हाच्या दोन ओंब्या असलेली 'व्हीट' पेनी डोळ्यांपुढे ठेवून हे परीक्षण केलं आहे. नाणं ओळखायला आणि त्याची प्रत ठरवायला याच्यासारखं फुकट साधन नाही, पण दराचा रकाना नवख्या माणसाला सरळसरळ फसवतो.

सुरुवात साल आणि त्याखालच्या अक्षरापासून करायची. 'डी' म्हणजे डेन्व्हर, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. त्या नाण्याच्या पानावर धातू, वजन, व्यास आणि किती नाणी पाडली तो आकडा मिळतो. 1944 ची फिलाडेल्फियाची नाणी 143 कोटींहून जास्त आहेत, तर 1909-एस व्हीडीबी (नाण्याचा आकृतिकार व्हिक्टर डी. ब्रेनर याची आद्याक्षरं असलेली) फक्त 4,84,000. निम्मा निकाल इथेच लागतो. 1940 नंतरची वापरून झिजलेली व्हीट पेनी घाऊकात काही सेंटांनाच जाते. ती वजनावरही विकतात, एका पौंडात साधारण 145 नाणी बसतात.

सगळ्यात मोलाचा भाग फोटोग्रेड. एकाच नाण्याचे वेगवेगळ्या प्रतींतले फोटो ओळीने दिसतात, आपलं नाणं शेजारी धरून ताडून बघायचं. आधी मागची बाजू बघा. ओंब्यांवरच्या उभ्या रेषा पार पुसल्या असतील तर प्रत जी-4 (खूप झिजलेलं) च्या आसपास, बहुतेक रेषा दिसत असतील तर एफ-12 (मध्यम झिजलेलं), सगळ्या सलग असतील तर व्हीएफ-20 (थोडं झिजलेलं) किंवा वर. मग लिंकनच्या गालाचं हाड, जबडा, कान आणि बो टाय. दोन बाजू वेगवेगळ्या प्रतींच्या निघाल्या तर खालची धरावी. फोटो स्टुडिओतल्या प्रकाशातले आहेत, म्हणून आपलं नाणं ट्यूबलाइटखाली सपाट धरून तुलना जमत नाही. दिवा एका बाजूने, कमी उंचीवर तिरका ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. भिंग 10 पट पुरे.

आता दर. तक्त्यातले आकडे पीसीजीएसने तपासून डबीत बंद केलेल्या नाण्यांचे आहेत, तेही दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो ते. हातातल्या सुट्या नाण्याला तो भाव लावणं चूक. वरच्या प्रतींत, शिवाय तांब्याचा मूळ लाल रंग टिकलेला असेल तर, एका पायरीच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी चढते आणि लोक नेमका तोच आकडा धरून बसतात. त्यापेक्षा त्याच पानावरचे लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव बघा. सुट्या नाण्यासाठी ईबेवर 'विकले गेलेले' हा फिल्टर लावा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

त्या प्रतीची किती नाणी तपासली गेली, हा आकडाही गफलत करतो. साध्या 1944 ला फी भरून तपासायला कोण पाठवणार? त्यामुळे झिजलेल्या प्रतींत संख्या कमी दिसते आणि नाणं दुर्मीळ वाटतं.

स्वच्छ केलेल्या नाण्याबाबत तर हा तक्ता मुकाच आहे. तांब्याच्या भांड्यासारखी चिंच किंवा पितांबरी लावली की आम्ल वरचा काळपट थर खाऊन टाकतं आणि नाणं अनैसर्गिक गुलाबी होतं. घासलेलं असेल तर भिंगातून एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. दोन्हींत संग्राहकाच्या लेखी किंमत कोसळते आणि ती परत येत नाही. 1943 च्या पोलादी पेनीत हेच दुसऱ्या रूपात घडतं. तीन टांकसाळींत मिळून ती 109 कोटींच्या आसपास पडली आणि जस्ताचा मुलामा गेलेली असंख्य नाणी नंतर पुन्हा मुलामा देऊन चकचकीत केली गेली. त्यांना न वापरलेल्या नाण्याचा दर लावू नका.

'1943 ची तांब्याची पेनी' (त्या पोलादाच्या वर्षात चुकून पडलेली, अतिशय दुर्मीळ) हाती आली तर आधी चुंबक लावा. चिकटली तर पोलादावर तांब्याचा मुलामा आहे. नाही चिकटली तर वजन करा. पोलादी 2.70 ग्रॅम, तांब्याची 3.11. वजन जुळलं तरी 1948 मधला 8 कोरून 3 केलेला नाही ना, हे भिंगातून बघायचंच. 1914-डी साठी सोपी खूण आहे. लिंकनच्या खांद्याखाली व्हीडीबी ही अक्षरं 1918 पासून आली, ती 1914-डी वर दिसली तर नाणं खोटं. बऱ्याचदा ते 1944-डी चं साल बदलून केलेलं असतं. 1955 ची दुहेरी छाप (साल आणि अक्षरं दोनदा उमटलेली पेनी) नुसत्या डोळ्यांना ठळक दिसते. भिंगातून कशीबशी दिसणारी सावली बहुधा साचा झिजल्याची असते आणि तिला फारसं मोल नाही.

भारतातल्या नाण्यांसाठी हे साधन नाही, त्याचा सगळा भर अमेरिकी नाण्यांवर आहे. भोकाच्या पैशाचे लाखो रुपये देतो म्हणून आधी फी किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिला आहे.

नाणं प्रतवारीला पाठवायचं का? फी, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा यांची बेरीज करा. त्याच प्रतीचा लिलावातला भाव बेरजेच्या निदान तिप्पट नसेल तर पाठवू नका. 1909-एस व्हीडीबी, 1914-डी, 1955 ची दुहेरी छाप झिजलेली असली तरी या हिशेबात बसू शकते. बाकीची कागदी-प्लॅस्टिक फ्लिपमध्ये (नाणं ठेवायच्या छोट्या पाकिटात) घालून, वर साल आणि अक्षर लिहून ठेवावीत. फ्लिप पीव्हीसीचा नसावा, तो तांब्यावर हिरवा चिकट थर आणतो.