जोडणीच्या रॅकला जादा फळ्या: भुशाचा बोर्ड, प्लाय की जुनं सागवान?

खोक्यात सुट्या पाट्या, स्क्रूची पुडी आणि चित्रांचा कागद असं येणारं पुस्तकांचं रॅक आता आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यांतही घरोघरी दिसतं. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांची पुस्तकं खाटेखाली, कोठीत, टीव्हीच्या मागे अशी पडलेली असतात. म्हणून रॅक येतं. महिनाभरात ते भरतं आणि मग पुस्तकांवर पुस्तकं आडवी रचली जातात. खालचं एक काढायचं तर वरची दहा उतरवावी लागतात. अशी दबलेली पुस्तकं पोरं उघडत नाहीत, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

दुसरं रॅक घेण्याआधी आहे त्या रॅकची आतली उंची मोजा. बहुतेक रॅकमध्ये ती पावणेदोन मीटरच्या आसपास भरते आणि खण पाच असतात, म्हणजे एक खण साधारण ३३ सेंमीचा. आपली नेहमीची पुस्तकं २२ सेंमी उंच. वरची बोटभर जागा सोडली तरी प्रत्येक खणात दहा सेंमी रिकामे जातात. दोन फळ्या वाढवल्या की त्याच रॅकमध्ये साडेतेवीस सेंमीचे सात खण होतात. ए-फोर आकाराच्या नोट्स आणि उभ्या फाइली मात्र ३० सेंमीच्या असतात, त्यांच्यासाठी सर्वांत खालचा एक खण मोठाच ठेवा आणि बाकीचे त्या हिशोबाने वाटून घ्या.

आता प्रश्न येतो फळी कशाची करायची. माझ्या घरी, गावच्या वाचनालयात आणि सासुरवाडीला अशी तीन रॅकं माझ्या हातून वाढवली गेली, तीन वेगळ्या प्रकारच्या फळ्या घालून. तिन्हींवरून तीन पावसाळे गेलेत. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे.

आधी वजनाचं बोलू

साध्या पुस्तकांची एक मीटर लांब रांग २५ ते ३० किलो भरते. म्हणजे पाऊण मीटरच्या फळीवर वीस किलो आलेच, आणि ते वर्षानुवर्षं हलत नाहीत. फळी एका दिवसात मोडत नाही, ती हळूहळू झोळ धरते. हा झोळ कशावर ठरतो हे समजलं की दुकानदार काहीही सांगो, निवड चुकत नाही.

जाडी दीडपट केली, म्हणजे १२ मिमीऐवजी १८ मिमी घेतली, तर फळी जवळपास सव्वातीन पटींहून जास्त ताठ होते. लांबीचा परिणाम तर त्याहून मोठा आहे. फळीच्या बरोबर मध्ये एक उभा आधार दिला आणि लांबी निम्मी केली, तर तेवढ्याच दाटीने पुस्तकं ठेवूनही झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे महाग लाकूड आणून ते लांबच लांब ठेवण्यापेक्षा साधी फळी आणून मध्ये आधार देणं केव्हाही बरं. फक्त हा आधार प्रत्येक खणात एकाखाली एक, थेट तळापर्यंत आला पाहिजे. वरच्याच एका खणात दिला तर सगळं ओझं खालच्या फळीच्या पोटात जातं.

भुशाचा बोर्ड

रॅक ज्याचं असतं तोच हा पार्टिकल बोर्ड. वर चकचकीत लॅमिनेट, आत डिंकाने दाबलेला लाकडाचा भुसा आणि चुरा. रंग रॅकला जुळतो, स्वस्त पडतो, तालुक्याच्या फर्निचरवाल्याकडे कापून मिळतो. काही कंपन्या जादा फळी सुटी विकतात. आयकियाचं बिली हे १९७९ पासून चालत आलेलं रॅक त्यातलंच. त्याच्या ८० सेंमी रुंद नगाच्या एका फळीवर ३० किलोपर्यंत ओझं ठेवा, असं कंपनी सांगते. आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचं दुकान हैदराबादचं, २०१८ मध्ये उघडलेलं. ऑनलाइन येणाऱ्या बाकीच्या बऱ्याच रॅकांना मात्र सुटी फळी मिळतच नाही.

माझ्या घरच्या रॅकला मी हाच बोर्ड घातला होता. एका दुकानातून कापून आणला. कापलेल्या कडांना पट्टी लावायची राहिली. दुकानदार काही बोलला नाही आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. रॅक ठेवलं होतं कूलरच्या वाऱ्याच्या रेषेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलर दिवसरात्र चालतो आणि त्याची ओल नेमकी त्या उघड्या कडेत शिरत राहिली. जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत कड फुगून दोन्ही बाजूंचं लॅमिनेट ओठासारखं उघडलं होतं. नख लावलं की ओला भुसा निघत होता. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून पाहिला तर मध्ये बोटाच्या पेराएवढी फट. मुलीची वर्षभराची टिपणं त्या फळीवर होती, ती खाली जमिनीवर उतरवून ठेवताना फार वाईट वाटलं.

गावच्या सुतारदादांनी फळी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "भाऊ, ह्याच्यात लाकूड कमी अन् भुसा जास्त हाय. पानी लागलं का फुगनारच."

म्हणून भुशाचा बोर्ड मी एवढ्याच ठिकाणी सुचवेन: खोली कोरडी आहे, कूलर लांब आहे, फळी दोन फुटांच्या आत आहे आणि वर हलकी पुस्तकं ठेवायची आहेत. चारही कडांना पट्टी चिकटवलेलीच हवी, मागच्या न दिसणाऱ्या कडेलासुद्धा.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, दिसायला गुळगुळीत आणि कडेला नीट कापला जातो, पण ओलीचं दुखणं तेच आणि वजन जास्त. काच पुस्तकांसाठी नकोच.

प्लाय

वाचनालयाच्या रॅकला १८ मिमीचा प्लाय घातला. तिन्हींपैकी मी सर्वांना सांगतो तो हाच. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो वाकायला आणि स्क्रू सोडायला भुशाच्या बोर्डापेक्षा कितीतरी चिवट. प्लायच्या पाट्यावर आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) छापलेलं असेल तर तो घरातल्या साध्या वापराचा, आयएस ७१० असेल तर पाण्याला टिकणारा. रॅक कूलरजवळ, न्हाणीच्या भिंतीला लागून किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या खोलीत असेल तर ७१० चे जास्तीचे पैसे मोजा. कोरड्या खोलीत ३०३ पुरतो. छापच नसलेला पाटा स्वस्त मिळतो, पण थरांमध्ये पोकळी असली तर ती फळी कापल्यावरच दिसते.

पैशाची अडचण मी समजू शकतो. दोन फळ्यांसाठी आठ बाय चारचा पूर्ण पाटा कोण घेणार? पण पाऊण मीटर लांब आणि २८ सेंमी रुंद अशा बारा फळ्या एका पाट्यात बसतात. आम्ही वाचनालयाच्या चार फळ्या काढल्या आणि उरलेल्या आठ गल्लीतल्या तीन घरांनी वाटून घेतल्या. तेही जमत नसेल तर स्वयंपाकघराचे ओटे, कपाटं करणाऱ्या सुताराकडे तुकडे पडलेले असतात, त्याला आधीच सांगून ठेवा. कापताना एकच गोष्ट आग्रहाने सांगा: फळीची लांबी पाट्याच्या वरच्या रेषांच्या दिशेने घ्या. रेषा आडव्या गेल्या तर तीच जाडी लवकर झोळ धरते.

फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंचाची लाकडी पट्टी उभी धरून फेविकॉल आणि स्क्रूने बसवली की फळी आणखी ताठ होते आणि प्लायची उघडी कडही झाकते. वाचनालयात शब्दकोश आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे ज्या खणात आहेत तिथे आम्ही ही पट्टी लावली. तीन वर्षांनी दोरा ताणला तर फट दिसत नाही.

जुनं सागवान

विदर्भात राहून सागवानाचा विचार न करणं शक्य नाही. आलापल्ली, बल्लारपूर, मेळघाट ही नावं लाकडाच्या व्यापारात सगळ्यांना ठाऊक. अयोध्येच्या मंदिरासाठीही २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीकडूनच सागवान गेलं. नवं सागवान फळीसाठी विकत घेणं परवडत नाही, पण आपल्याकडे धाब्याची जुनी घरं पडताहेत. कडीपाटाच्या फळ्या, दाराच्या झडपा, माळ्याच्या पाट्या अंगणात पडून राहतात आणि शेवटी चुलीत जातात. सासुरवाडीला मामांनी अशाच पाट्या राखून ठेवल्या होत्या. आरा मशीनवर रंधून घेतल्या तेव्हा वरचा काळा थर गेला आणि आतून मधासारखा रंग निघाला. साठ-सत्तर वर्षं छतात राहिलेलं ते लाकूड वाळून इतकं स्थिर झालेलं होतं की तीन पावसाळ्यांत केसभरही वाकलं नाही.

यात कष्ट मात्र आहेत. जुन्या फळीत मोडलेले खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरवून ते आधी काढा, नाहीतर रंध्याचं पातं जातं आणि मशीनवाला पुन्हा तुमचं लाकूड घेत नाही. तपकिरी गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण सालीकडचा फिकट भाग ती सोडत नाही, तो कापून टाका. सागवान जड असतं, पातळ पार्टिकल बोर्डाच्या बाजूंवर त्याच्या तीन-चार फळ्या चढवू नका, दोन पुरे. आणि शेतातला उभा साग यासाठी तोडायचा विचार असेल तर आधी परवानगी घ्या. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने साग हा संरक्षित झाडांच्या यादीत आहे, बांधावरचा असला तरी.

फळी बसणार कशावर

रॅकच्या बाजूंना आतून भोकांची रांग असेल तर काम सोपं आहे. बहुधा ही भोकं ५ मिमीची आणि एकमेकांपासून ३२ मिमीवर असतात. त्यात बसणाऱ्या लोखंडी खुंट्या तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळतात. प्लास्टिकच्या घेऊ नका. भोकं नसतील तर पाडता येतात, पण बाजूची पाटी १५-१६ मिमीचीच असते. ड्रिलच्या टोकापासून दहा मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टी पाटीला टेकली की थांबा.

जड पुस्तकांसाठी मला खुंटीपेक्षा लाकडी रीप जास्त भरवशाची वाटते. एक इंच बाय एक इंचाची रीप बाजूच्या पूर्ण खोलीएवढी कापायची, पाणसळ लावून रेघ मारायची, फेविकॉल आणि तीन स्क्रूने बसवायची. ओझं चार खुंट्यांवर न येता सगळ्या लांबीवर वाटलं जातं. भुशाच्या बोर्डात स्क्रू एकदा फिरून ढिला झाला की तिथे पुन्हा धरत नाही. अशा जागी आरपार भोक पाडून वायसरसह नट-बोल्ट घाला.

मधली जी फळी स्क्रूने पक्की केलेली असते ती खणांचं माप जुळवायला काढू नका, रॅकच्या दोन्ही बाजूंना तीच एकत्र धरून असते. मागचा पातळ बोर्डही सगळे खिळे मारूनच ठेवा, तो नसेल तर रॅक एका अंगाला कलतं.

फळ्या वाढल्या की वजन वाढतं, म्हणून रॅकचं डोकं भिंतीला बांधणं टाळू नका, घरात लहान लेकरं असतील तर मुळीच टाळू नका. विटांच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची नळी) धरते, मातीच्या भिंतीत धरत नाही. तिथे रॅक दाराच्या चौकटीला किंवा लाकडी खांबाला एल-पट्टीने बांधा. सारवलेल्या जमिनीवर पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे द्या, भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या फटीत बॅटरी मारून पाहा. उधई चढत असेल तर मातीची बारीक नळी आधी तिथेच दिसते.

माप कागदावर लिहून नेण्यापेक्षा रॅकची एक जुनी फळीच पोत्यात गुंडाळून दुकानात न्या. नवी फळी तिच्यापेक्षा दोन मिमी आखूड कापून घ्या. बरोबर मापाची फळी पावसाळ्यात फुगून अडकते आणि ओढून काढताना बाजूच्या पाटीचं लॅमिनेट उकलतं.