पिशवीसकट दीड किलोचा नांगर : कायाकचं ‘अँकर किट’ घेण्याआधी

घडीचा चार पाकळ्यांचा नांगर, दोरी, छोटा बोया (तरंगता गोळा) आणि एक हूक, सगळं एका पिशवीत. फिशिंग कायाकसाठी (मासेमारीची, वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) ‘अँकर किट’ म्हणून हेच विकलं जातं. ऑनलाइन मागवलेल्या अशाच एका किटचा हा हिशेब. जाहिरातीत नांगर दीड किलोचा, दोरी १२ मीटर नायलॉनची, हूक ‘मरीन ग्रेड ३१६ स्टेनलेस’चा. काट्यावर दीड किलो भरलं, पण पिशवी, बोया, दोरी सगळं धरून! नुसता नांगर १ किलो ५० ग्रॅम. दोरी टेपने मोजली, साडेनऊ मीटर.

ती नायलॉनचीही नव्हती. टोक ओलं करून पिळा, हवा निघू द्या आणि बादलीत सोडा. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. तरंगणारी दोरी शेजारून जाणाऱ्या होडीच्या पंख्यात अडकते, उन्हाने कुसते, आणि नायलॉनसारखी ताणली जात नसल्याने लाटेचा हिसका थेट नांगराला बसतो.

हुकाला चुंबक चिकटलं नाही म्हणून खूश होऊ नका. जस्ताच्या ओतीव हुकालाही चिकटत नाही, आणि तो हिसक्याने तुटतो. शिवाय साधं ३०४ स्टेनलेस आणि मरीन ग्रेडचं ३१६ यांतला फरक चुंबकाने ओळखताच येत नाही. नांगराच्या चकचकीत मुलाम्याचंही तेच: तो पातळ असतो, खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो. गरम जस्तात बुडवलेला नांगर दिसायला मळकट राखाडी, पण टिकतो.

खरा घात मात्र दोरीच्या लांबीत आहे. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. मनोरीच्या खाडीत ओहोटीला ३ मीटर पाण्यात नांगर टाकलात, तर भरतीला तिथेच ७ मीटर होणार. दोरी खोलीच्या किमान पाचपट हवी, म्हणजे ३५ मीटर. साडेनऊ मीटरच्या दोरीने नांगर आडवा ओढला न जाता वर उचलला जातो आणि सुटतो. नांगर खडकात अडकला असेल आणि दोरी आखूड बांधली असेल तर त्याहून वाईट, पाणी चढेल तशी कायाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली खेचली जाते.

किटमध्ये साखळीही नव्हती. नांगराला ६ मिमीची एक-दीड मीटर साखळी लावली तरच दांडा तळाशी आडवा पडतो. आणि ठाणे खाडीच्या गाळात हा चार पाकळ्यांचा प्रकार मुळातच कामाचा नाही. चिखलातून दाताळं ओढावं तसा घसरत येतो. तिथे रुंद फाळाचा किंवा पंजाच्या आकाराचा नांगर घ्या. घडीचा नांगर खडकाळ तळासाठी ठेवा. तिथे साखळी वरच्या कडीला न अडकवता तळाच्या भोकात शॅकलने (पिनेने बंद होणाऱ्या कडीने) लावा, दांड्याला समांतर वर आणा आणि वरच्या कडीला बारीक केबल टायने बांधा. नांगर अडकला तर बरोबर त्याच्या डोक्यावर जाऊन जोरात ओढा. टाय तुटतो, नांगर उलटा सुटतो. टाय फार बारीक नको, नाहीतर लाटेनेच तुटेल.

सगळ्यात संताप आणणारी गोष्ट म्हणजे माहितीपत्रकातलं चित्र. त्यात हूक कायाकच्या बाजूच्या मुठीला लावलेला! प्रवाहात बाजूने नांगरलेली कायाक आडवी होते आणि उलटते. त्याऐवजी नाळेला आणि मागच्या टोकाला एकेक पुली, त्यातून ५-६ मिमी दोरीचा फेरा, फेऱ्यात कडी, आणि नांगराची दोरी त्या कडीतून क्लीटपर्यंत (दोरी अडकवायच्या खुंटीपर्यंत). कडी सरकवून ओढ कायम एका टोकावर आणायची. दोरीच्या शेवटी बोया हवा, म्हणजे वेळ आली तर सगळं सोडून देता येतं. दोरी कापायला सुरी हाताशी.

सुटं सामान मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. दोरी डोळ्यांसमोर मोजून घ्या, नांगर काट्यावर ठेवायला लावा.

ऑनलाइन घेतलंत तर पाकीट उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, त्यात काटा आणि टेप दिसू द्या. पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे, त्याचेही फोटो ठेवा. या विक्रेत्याने ‘माल वापरलेला आहे’ म्हणत परतावा नाकारला, कारण नांगर समुद्रात जाऊन आला होता. तेव्हा परीक्षा घरीच, गोड्या पाण्यात, दोरी न कापता करा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.