इंकस्केप १.४ : अमूर्त चित्रांसाठी कितपत कामाचं?

फुकट आहे म्हणून डोक्यावर घ्यायचं किंवा फुकट आहे म्हणूनच नाक मुरडायचं, इंकस्केपच्या वाट्याला बहुधा हे दोनच प्रकार येतात. २००३ मध्ये सोडीपोडी या प्रकल्पातून फुटून निघालेलं, रेषा आणि आकारांची (व्हेक्टर) चित्रं काढण्याचं हे सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२४ मध्ये १.४ आवृत्तीपर्यंत आलं. फाइल थेट एसव्हीजी या व्हेक्टर चित्रांच्या स्वरूपात राहते आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. भौमितिक आकार, एकमेकांवर चढलेले पारदर्शक थर, शेदोनशे रेषांची लाट अशा अमूर्त चित्रांसाठी ते पुरतं का, एवढंच इथे पाहायचं आहे. आकार बांधण्यात ते तरबेज आहे. रंग एकमेकांत विरघळवायचे आणि ते कागदावर नेमके उतरवायचे म्हटलं, की त्याची दमछाक होते.

आधी जमेची बाजू. पाथ (म्हणजे आकाराची रेष) मेनूतल्या युनियन, डिफरन्स, इंटरसेक्शन, डिव्हिजन या क्रिया वेगवान आणि भरवशाच्या आहेत. नियम एकच लक्षात ठेवायचा : युनियन-डिफरन्समध्ये रंग टिकतो तो तळाच्या आकाराचा, आणि डिफरन्समध्ये वरचा आकार खालच्याला कापतो. निकाल उलटा आला तर थरांचा क्रम उलटा आहे, दुसरं काही नाही. १.३ मध्ये आलेलं शेप बिल्डर तर अमूर्त कामासाठीच आहे असं वाटावं. सातआठ वर्तुळं एकमेकांवर टाका, सगळी निवडा, एक्स दाबा. जोडायच्या तुकड्यांवरून माउस ओढत न्या, काढायचे असतील ते शिफ्ट धरून ओढा, शेवटी एंटर. आकार शंभराच्या घरात गेले की मात्र ते रेंगाळतं, म्हणून चित्राचा एकेक भाग स्वतंत्रपणे फोडलेला बरा.

तुकडे पडले की शेजारच्या दोन तुकड्यांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसू लागते. नवशिके इथे झूम करकरून नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, जुळवत बसतात. नोड जुळलेलेच असतात. प्रत्येक आकाराची कड वेगळी गुळगुळीत केली जाते. एखाद्या पिक्सेलचा अर्धा भाग पहिल्या आकाराने झाकला तर ५० टक्के पांढरं उरतं, आणि दुसरा आकार त्या उरलेल्याच्या निम्म्यावर रंग चढवतो. म्हणजे २५ टक्के पांढरं तसंच झिरपतं. इलाज सोपा आहे. सगळ्या तुकड्यांची नक्कल काढा (कंट्रोल + डी), युनियन करा, मधला एखादा रंग द्या आणि एंड दाबून तळाशी पाठवा. तुकडे थोडे असतील तर प्रत्येकाला त्याच रंगाचा अर्ध्या पिक्सेलचा स्ट्रोकही (कडेची रेघ) चालतो. रंग अर्धपारदर्शक असतील तर दोन्ही उपाय बाद : तळाचा आकार वर दिसेल आणि स्ट्रोकची कड गडद होईल.

आवर्तनासाठी टाइल्ड क्लोन्स, म्हणजे एकाच आकाराच्या ओळीने मांडलेल्या जोडलेल्या प्रती, हे खरं हत्यार. त्याची खिडकी पाहून धडकी भरते, पण फिरत्या पाकळ्यांसाठी चारच आकडे लागतात : १ ओळ, २४ स्तंभ, शिफ्टमध्ये प्रत्येक स्तंभामागे एक्स उणे १०० टक्के, रोटेशनमध्ये प्रत्येक स्तंभामागे १५ अंश. त्याआधी आकारावर दुसऱ्यांदा क्लिक करून फिरण्याचा मध्य, म्हणजे ती छोटी फुली, पाकळीच्या टोकाशी आणायची. हमखास दोन अडचणी येतात. पहिला क्लोन मूळ आकाराच्या अगदी वरच बसतो, त्यामुळे पारदर्शक पाकळ्यांमध्ये एकच पाकळी गडद दिसते; मूळ आकार तिथून उचलून पानाबाहेर ठेवा. पुसू नका, क्लोन त्याच्यावरच उभे असतात. दुसरी अडचण रंगाची. कलर टॅबमध्ये छटा बदलत नेण्याचे आकडे भरले तरी सगळे क्लोन एकाच रंगाचे येतात, कारण मूळ आकाराला फिल (आतला रंग) दिलेला असतो. फिलमधलं प्रश्नचिन्हाचं बटण दाबून तो ‘अनसेट’ करा, मग छटा सरकतात.

आता उणी बाजू. एका वळणाचं हळूहळू दुसऱ्या वळणात रूपांतर करणाऱ्या रेषांच्या लाटा हे या शैलीचं हुकमी वळण. इलस्ट्रेटर आणि कोरलमध्ये त्यासाठी ब्लेंड आहे आणि ते जिवंत राहतं : टोकाची रेष हलवा, मधल्या आपोआप सरकतात. इंकस्केपमध्ये इंटरपोलेट नावाचं एक्स्टेन्शन आहे. रंगही टप्प्याटप्प्याने बदलतो, पण एकदा तयार झालं की झालं, पुढे बदल नाही. इंटरपोलेट सब-पाथ्स हा पाथ इफेक्ट जिवंत आहे (दोन्ही रेषा निवडून कंट्रोल + के, मग इफेक्ट), पण सगळ्या रेषा मिळून एकच पाथ असल्याने प्रत्येक रेषेला वेगळा रंग देता येत नाही. थोडक्यात, आकार बदलता येणं हवं की रंग बदलणं, यातलं एकच निवडा. ही या सॉफ्टवेअरची सगळ्यात मोठी उणीव. एक्स्टेन्शन वापरताना लाट मध्येच पिळवटली तर दोन रेषांची दिशा उलटी आहे असं समजा; एकीला पाथ मेनूतून रिव्हर्स करा. दोन्हींच्या नोडांची संख्या सारखी ठेवली तर गोंधळ निम्म्याने कमी होतो.

मेश ग्रेडियंट, म्हणजे जाळीच्या बिंदूंवर रंग देऊन ते एकमेकांत मिसळवणं, पडद्यावर देखणा दिसतो, पण ब्राउझर तो ओळखत नाहीत. इंकस्केप फाइलमध्ये एक जावास्क्रिप्ट जोडून वेळ मारून नेतं. तीच फाइल संकेतस्थळावर साधं चित्र म्हणून लावली की स्क्रिप्ट चालत नाही आणि जागा रिकामी दिसते. वेबसाठी मेश टाळा. ब्लर चांगला आहे, मात्र मोठे ब्लर साचले की पडदा अडखळतो. काम करताना डिस्प्ले मोड ‘नो फिल्टर्स’वर ठेवा. १.४ मधल्या फिल्टर गॅलरीत पोत भरपूर आहेत. पण अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर रोलर आणि पॅलेट नाइफने जे घडतं, ते इथे शोधायला जाऊ नये.

देवनागरी अक्षरं कच्चा माल म्हणून वापरणाऱ्यांना इंकस्केप निर्धास्तपणे सुचवता येतं. युनिकोड फाँट असेल, उदाहरणार्थ ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट, तर जोडाक्षरं आणि वेलांट्या सेटिंगला हात न लावता नीट बसतात. अक्षरांचे पाथ केल्यावर फिल पारदर्शक केला, तर शिरोरेषेच्या सांध्यांवर गडद चौकोन उमटतात, कारण शेजारची अक्षरं तिथे किंचित एकमेकांवर चढलेली असतात. अनग्रुप करून युनियन करा. कंबाइन केलंत तर त्याच जागी भोकं पडू शकतात.

राहिली छपाई. पीडीएफ बाहेर पडते ती आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत. ए३ पोस्टर असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून पान ३०३ × ४२६ मिमी घ्या. पीडीएफ काढताना फिल्टरचं रिझोल्यूशन ९६ वरून ३०० करा, नाहीतर रेषा धारदार आणि ब्लर फुटलेला अशी विचित्र प्रत हातात पडते. सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) लागतंच, तर सपाट रंगांचं चित्र स्क्राइबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधून काढता येतं; तिथे ब्लर टिकत नाही. ब्लर असेल तर ३०० डीपीआयची पीएनजी क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून सीएमवायके टिफ करा, आणि रंगांचा प्रोफाइल कोणता ते प्रेसला आधी विचारा. विजेसारखा निळा आणि पोपटी यांची चमक कागदावर जाणारच, तेव्हा पॅलेट निवडतानाच त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडचे बरेच फ्लेक्सवाले आणि प्रेसवाले अजून सीडीआर, म्हणजे कोरलची फाइलच मागतात. इंकस्केप ती बऱ्यापैकी उघडतं, सेव्ह करत नाही. सगळा मजकूर पाथ करून पीडीएफ द्या, ती कोरलमध्ये उघडल्यावर ग्रेडियंट शाबूत आहेत का ते त्यांच्याच मशीनवर पाहा आणि मगच प्रती सांगा.